तुंब्यातली राख

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून घरी परत येते. औषधाच्या पाकिटावरची तारीख गोळी घेण्याआधी वाचते आणि गोळी घेऊन झाल्यावर पुन्हा वाचते. विजा चमकायला लागल्या की टीव्हीची पिन काढावी वाटते आणि पिनला हात लावायचीही भीती वाटते. अमरावतीच्या एका शाळेत मी पोरांना विज्ञान शिकवते, आणि माझी ही तऱ्हा. आई म्हणते, "तुले पाळण्यात असतानीच कोनी भेवाडलं असन." तिच्या अंगात मात्र भीतीचा थेंब नाही, असं मी परवापरवापर्यंत धरून चालले होते.

माझं माहेर अकोटकडचं, भाजीपाला पिकवणारं. विहिरीभोवती मांडव, मांडवावर दोडकी, कारली, दुधी, खाली वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडलेला माल बाबा अकोटच्या बाजारात न्यायचे, कधी अकोल्याला. बाबांची एक सवय होती आणि तिची मला लहानपणी फार लाज वाटायची. घरात खायला येणारी काकडी असो की दुधी, ते देठाकडचा तुकडा कापून आधी स्वतःच्या तोंडात टाकायचे. चावून जरा थांबायचे. मग उरलेली काकडी आमच्या हातात द्यायचे. कडू दुधी पोटात जाऊन त्यांच्या ओळखीतला एक माणूस तडकाफडकी गेला होता, तेव्हापासूनचं हे. पाहुणे बसलेले असले तरी त्यांच्यादेखत चाखायचे. आई हसायची. म्हणायची, "राजाचा आचारीच हाय जसा!"

कारलं चाखून काय कळणार? ते कडूच. तरी बाबा तेही चाखायचे, आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणायचे, "बराबर हाय."

हे कारलं आमच्या घरचं होतं. बोटाएवढं आखूड, काटेरी, काळपट हिरवं. बाबा दरवर्षी एक वेल न तोडता राखून ठेवायचे, त्याची कारली पिकून पिवळी होऊन फुटली की आतलं लाल गर लागलेलं बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घालून ठेवायचे. राखेत कीड लागत नाही. बाबा गेले त्याला दहा-बारा वर्षं झाली. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, शेती हातात घेतली आणि पाकिटाचं बी आणलं. गुलाबी रंग फासलेलं, वर 'खाण्यासाठी वापरू नये' असं छापलेलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला बाजारात माल उभा करायचा असतो. पण एका वर्षी घरचं बी लावायचं राहिलं, दुसऱ्या वर्षी ते सापडेना, आणि बाबांचं कारलं संपलं. भाद्रपदात पितर घालताना ताटात कारलं लागतंच. मग दादाच्याच मांडवावरचं लांबलचक पोपटी कारलं शिजायचं, आणि आई ते वाढताना दरवर्षी पुटपुटायची, "हे त्याईचं नव्हे."

यंदाच्या उन्हाळ्यात दादानं जुना गोठा उतरवला. तेव्हा आढ्याला टांगलेला एक तुंबा निघाला. तुंबा म्हणजे वाळलेला भोपळा, आतून पोखरलेला. आमच्याकडं त्यात बियाणं ठेवायची रीत. तोंडाला चिंधीचा बोळा आणि वरून शेणाचा लेप. तो दगडासारखा झालेला. दादा तो फेकूनच देणार होता. आईनं हलवून बघितला तर आत खुळखुळलं.

आई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं अमरावतीला यायची होती. आली ती एका हातात डॉक्टरांचे कागद आणि दुसऱ्या हातात पिशवीत तुंबा घेऊन. कागद बसमध्ये विसरली असती, तुंबा नाही. ऑपरेशन झालं, डोळ्याला काळा चष्मा लागला, डॉक्टरांनी वाकायचं नाही, शेगडीपुढं बसायचं नाही असं बजावलं. घरात आम्ही दोघीच. नवरा बदलीच्या गावी, यवतमाळला. चार-आठ दिवस तिनं कसेबसे काढले, आणि एका सकाळी गॅलरीत पोतं अंथरून तुंबा फोडायला बसली.

शेणाचा लेप निघाला, बोळा निघाला, आणि तुंबा उपडा केल्यावर करड्या रंगाची बारीक भुकटी पोत्यावर पडली. त्यात बी होतं. कारल्याचंच, चपटं, कडेला नक्षी असलेलं. मी लगेच दोन पावलं मागं सरले.

"काय आहे गं ते?"

"राख हाय. राखीत बी मरत नाई."

म्हातारं बी जागं करायचं तर थोडा खटाटोप असतो. कारल्याचं कवच जाड. जुनं झालं की ते आणखी चिवट होतं आणि आत पाणी शिरत नाही. म्हणून बी भिजवण्याआधी त्याचं टोक जरासं फोडायचं. जास्त फुटलं तर आतला जीव चेंगरतो, कमी फुटलं तर काहीच होत नाही. लोक हे नेलकटरनं करतात, पॉलिशपेपरनं घासतात. आमच्याकडच्या बाया दातानं करतात. समोरच्या दातात टोक धरायचं आणि कट् असा आवाज आला की थांबायचं. आईला एरवीही हीच पद्धत येत होती, त्यात आता डोळ्याला नीट दिसत नव्हतं. टोक कुठलं, बूड कुठलं, हे ती जिभेनंच चाचपत होती. बी पदराला पुसायची, तोंडात घालायची, कट्, आणि वाटीत थुंकायची.

मी म्हटलं, आपणही हातभार लावावा. धीर केला. चिमटीत एक बी घेतलं, ओढणीला चांगलं पुसलं, तोंडाशी नेलं. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर चापट मारली आणि बी हिसकून घेतलं.

"दे इकडे! तुह्याच्यानं नाई होत. चेंदून टाकशीन."

मला राग आला. पन्नाशीच्या बाईला अशी चापट! आठवीच्या पोरांना बीजांकुरण शिकवून माझी हयात गेली आणि मला एक बी फोडता येत नाही? मी तोंड फुगवून आत गेले आणि भांडी आपटत राहिले. बाहेरून कट्, कट् येत होतं.

थोड्या वेळानं रिकामा तुंबा केरात टाकावा म्हणून मी तो उचलला. वाकून आत बघितलं. तळाशी भुकटीचे गोळे धरले होते आणि ते करडे नव्हते, पांढरे होते. राख अशी गोळे धरून पांढरी होत नाही. मी वास घेतला. वास नव्हता, किंवा होता आणि भीतीनं माझं नाकच बंद झालं होतं.

आणि मला आमच्या गोठ्यातला कोनाडा आठवला. त्यात पावडरचा पुडा असायचा. कोणती पावडर, हे कुणी विचारायचं नाही. तिला नावच 'पावडर'. ज्वारीला भुंगा लागला, टाक पावडर. वांग्यावर मावा आला, धुरळ पावडर. आम्हा पोरांना त्या कोनाड्याकडं जायची बंदी होती, आणि मी अर्थातच कधी गेले नव्हते.

मी गॅलरीत धावले. आईचं काम संपलं होतं. ती पदरानं ओठ पुसत होती.

"माय, तोंड दाखव. काय होतंय तुला?"

"काय व्हाचं?"

तिच्या ओठांना भुकटी लागली होती. मी स्वयंपाकघरात गेले, पेल्यात मूठभर मीठ टाकलं, पाणी ओतलं आणि तिच्या तोंडाला लावलं. ती नाही नाही म्हणत होती, मी डोकं धरून पाजलं. मग ती ओकली. ओकली तशी माझी खात्रीच पटली की विष भिनलं. शेजारच्या माणसानं ऑटो आणला. मी एका हातानं आईला आणि दुसऱ्या हातानं तुंब्याची पिशवी धरून बसले.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "काय प्यायल्या?"

"प्यायली नाही. चावलं."

"काय चावलं?"

"कारल्याचं बी."

तिनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की त्या घटकेलाही मला शरम वाटली. मी पिशवीतून तुंबा काढून टेबलावर ठेवला. "याच्यात होतं. विष असेल. किंवा राख."

"कुठलं विष, ते सांगा. त्याप्रमाणं औषध द्यावं लागतं."

ते मला कुठं माहीत होतं? ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच्याच पितराच्या ताटासाठी तर हे सगळं चाललं होतं. मी दादाला फोन लावला.

"राखच असन," दादा म्हणाला.

"नक्की?"

"नाईतं पावडर असन. बाबा दोन्ही वापरत होते."

"कोणती पावडर रे दादा?"

"आता थे मले काय माईत? पावडर म्हनजे पावडर. सुटी भेटे दुकानात."

डॉक्टरनं आईची नाडी बघितली, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. पण एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळं त्या बाहुलीवरून काही कळेना. मीठपाणी पाजल्याबद्दल मला चांगलं झापलं. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला ते पाजणं हाच धोका, पुन्हा असं करू नका. मग सलाईन लावलं आणि उद्यापर्यंत लक्ष ठेवू म्हणाली. "काही गेलं असलं तरी फार गेलेलं नसावं," असं म्हणाली. तिनं 'नसावं' म्हटलं, 'नाही' म्हटलं नाही. दिवसभर मी तो एकच शब्द चघळत होते.

आई मात्र पलंगावर पडून चहा मागत होती. "मले काई झालं नाई. तू मीठपानी पाजलं म्हनून ओकली मी." हे सिस्टरला सांगितलं, झाडूवाल्या बाईला सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला सांगितलं. सगळ्याजणी माझ्याकडं बघून हसल्या. तिनं दोन्ही हात चादरीखाली घेतले होते. खोलीत एसी होता, तिला सवय नाही, थंडी वाजत असेल, म्हणून मी आणखी एक चादर मागून तिच्या अंगावर घातली.

त्या दिवशीची भीती माझ्या नेहमीच्या भीतीसारखी नव्हती. गॅस, वीज, गोळी या माझ्या पाळलेल्या भीत्या. त्यांना मी ओळखते, त्या मला ओळखतात. ही निराळीच होती. खुर्चीवर बसून मी आईच्या छातीचं खालीवर होणं बघत होते आणि मनात एकच येत होतं: बाबा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्यांनी आईला नेलं, असं होईल का? ज्या माणसानं आयुष्यभर चाखून चाखून आम्हाला खाऊ घातलं, त्याच्याच हातच्या तुंब्यातून? मला आई हवी होती. कारलं नको, पितर नको, फक्त ही चहासाठी कटकट करणारी बाई हवी होती. मी बाबांवर फार चिडले होते, आणि चिडायला ते जागेवर नव्हते.

संध्याकाळी सिस्टर कपडे बदलायला आली तेव्हा तिनं हाक मारली. "मॅडम, काकूंच्या कमरेला हे काय ओलं बांधलंय?"

फडक्याची पुरचुंडी होती. मी आत भांडी आपटत असताना आईनं फोडलेलं बी कोमट पाण्यातून काढून, ओल्या फडक्यात बांधून, नऊवारीच्या ओच्यात खोचलं होतं. उन्हाळ्यात उबेला तोटा नसतो, अडचण ओलीची. कूलरच्या वाऱ्यानं फडकं घटकेत कोरडं पडतं. माणसाच्या घामेजल्या अंगाशी मात्र ओल धरून राहते. म्हातारं बी असं सांभाळायचं, हे मीही लहानपणी बघितलं होतं. पण ही विषाची पुरचुंडी माझ्या आईच्या पोटाशी दिवसभर होती.

मी ती दोन बोटांत धरून बाहेर आणली. कोपऱ्यात झाकणाचा डबा होता. मी झाकण उघडलं. आणि माझा हात तिथंच थांबला. हे शेवटचं होतं. डब्यात टाकलं की बाबांच्या हातचं या जगात काही उरत नव्हतं. त्यांच्यावर इतकी चिडलेली मी, तिथं उभी राहून रडले. मग पुरचुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी आईला सोडलं. घरी येताच तिनं विचारलं, "बी कुठं हाय?"

मी हातमोजे घालून बी नळाखाली पुन्हा पुन्हा धुतलं. मोजे फेकले, फडकं जाळलं, नवं फडकं घेतलं. आई म्हणाली, माठाखाली ठेव, तिथं ओल असते. पिण्याच्या पाण्याच्या माठाखाली! मी बाजारात जाऊन बियांसाठी वेगळा माठ आणला आणि गॅलरीत ठेवला. आई म्हणाली, "त्याले एक पलंगही आन."

मग सुरू झाली रोजची सकाळ. मी फडकं सोडायची, आई एकेक बी नाकाशी नेऊन हुंगायची. कुजलेल्या बियाला आंबूस वास येतो. "हे गेलं," म्हणायची आणि बाजूला ठेवायची. जुन्या बियाला पाणी जास्त झालं तर ते कुजतं, कमी झालं तर झोपूनच राहतं; म्हणून फडकं पिळून, नुसतं ओलसर. रोज थोड्या बिया कमी व्हायच्या. माझी अवस्था विचित्र झाली होती. उगवलं तर त्या विषाचा वेल घरात येईल ही भीती, आणि नाही उगवलं तर आईचं काय होईल ही भीती. शाळेत मी खुशाल शिकवते की बीजाला पाणी, हवा आणि ऊब मिळाली की अंकुर येतो. भीतीचं काय करायचं ते पुस्तकात नाही.

फडक्यात मोजकंच बी उरलं होतं तेव्हा एका सकाळी त्यातल्या एकाच्या फटीतून काहीतरी पांढरं दिसलं. मी किंचाळले.

"साप निघाला काय वं?" आईनं विचारलं.

मी बी तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं बोटाच्या टोकानं हळूच चाचपलं. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं, आणि डोळ्यात पाणी आणायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी आणखी एक उगवलं. बाकी सगळं बी गेलं.

दोन्ही मोड चहाच्या कागदी पेल्यांत मातीत लावले. दोन पानं फुटली तशी आई घरी जायला निघाली. दर्यापूरमार्गे अकोटची बस. ती खिडकीशी, मांडीवर दोन पेले, मी शेजारी. खड्डा आला की ती पेले वर उचलायची आणि मी तिला धरायची. दादानं विहिरीजवळ बांबू उभे करून ठेवले होते. "एवढ्याशा रोपाले एवढा मांडव?" तो म्हणाला, पण आळं त्यानं स्वतः केलं.

पाऊस लागला, वेल चढले. मी अमरावतीहून रोज फोन करायची. आई वेलाचं सांगायची, आणि मी विचारायची, वेलाला हात लावल्यावर साबणानं हात धुतलेस का? कृषी केंद्रात जाऊन मी विचारून आले. बियाला बाहेरून लागलेलं असं काही फळापर्यंत पोचत नाही, तुम्ही तर धुऊन लावलंय, ताई, बिनधास्त खा, असं तिथल्या माणसानं सांगितलं. तो म्हणाला ते शास्त्राला धरून होतं, मलाही ते कळत होतं. पण 'बिनधास्त' हा शब्द ऐकला की माझा धास्तीचा पंखा आणखी जोरात फिरतो. पहिलं कारलं धरल्याचं आईनं कळवलं तेव्हा मी म्हटलं, "मी आल्याशिवाय कुणी खायचं नाही." ती म्हणाली, "बरं."

पितृपक्षात बाबांच्या तिथीला मी गेले. मांडवाखाली उभी राहिले आणि लहानपण एकदम समोर लोंबकळायला लागलं. तेच आखूड, काटेरी, काळपट हिरवं. हात लावावासा वाटला आणि लावला नाही.

त्या दिवशीचा स्वयंपाक माझ्याकडं होता. उडदाचे वडे, कढी, खीर, गवार, भोपळा आणि कारलं. पितरांचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. आगारी टाकायची, म्हणजे विस्तवावर घास सोडायचा, कावळ्याचं पान ठेवायचं, मग घरच्यांनी जेवायचं. मीठ कमी-जास्त झालं तरी पितर सांभाळून घेतात. हे सगळं मला माहीत होतं. पण कढईत कारलं परतत असताना मला आई दिसत होती, पलंगावरची, हात चादरीखाली घेतलेली. आज ती हे खाणार होती. मी दाराकडं पाठ केली, झाऱ्यावर एक काप घेतला, फुंकला आणि तोंडात टाकला.

कडू. जिभेच्या मुळापर्यंत कडू. विषाची चव कशी असते ते मला माहीत नाही, आणि कारल्यात ती लपली तर ब्रह्मदेवालाही कळायची नाही. मी वडे तळत राहिले आणि स्वतःवर लक्ष ठेवून राहिले. घाम आला, तो चुलीचा की कशाचा? पोटात ढवळलं, ते भीतीनं की कशानं? देवा, होणार असेल तर मला होऊ दे आणि आत्ताच होऊ दे, ती ताटावर बसायच्या आधी, असं मी मनात म्हणत होते. वडे संपले, तरी मी उभीच होते.

दादानं आगारी टाकली, टिनाच्या छपरावर पान ठेवलं. सगळे अंगणात उभे राहिले. बाकीचे कावळा शिवतो की नाही ते बघत होते; मी शिवल्यावर तो जगतो की नाही ते बघत होते. एक आला, त्यानं आधी वडा उचलला, मग कारल्याचा काप ओढला आणि लिंबावर जाऊन बसला. दादानं हात जोडले. मी त्या कावळ्यावरची नजर काढली नाही. तो पंख खाजवत बसला आणि मग ओरडत उडून गेला.

पंगत उठली. शेवटी स्वयंपाकघरात आई आणि मी, दोघी समोरासमोर ताटं घेऊन बसलो. तिच्या ताटात तिनं स्वतःच कारलं वाढून घेतलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"तू चाखलं ना मघा?"

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पितरांचं उष्टं केलं. "हो."

"काय समजलं?"

"कडू होतं."

ती खूप हसली. मग हसू थांबलं, आणि ताटात बोट फिरवत ती म्हणाली, "थे राख नव्हती."

मी हातातला घास खाली ठेवला.

"दुसरं का तिसरं बी तोंडात घातलं तवाच जीभ चरचरली माही. राख चरचरत नाई. तवाच तू बी तोंडाशी नेलं. म्हनून तं हिसकलं."

"मग थुंकून टाकायचं! पुढची कशाला फोडलीस? डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"बी राहिलं होतं ना. आन् सांगतलं असतं तं तू अजून भेली असती. हात असे कापत होते माहे, चादरीत घालून ठेवले म्या." तिनं एक हात उचलून दाखवला. आता तो स्थिर होता. "मी काय भेली नव्हती? लय भेली होती. पन तुह्यासंगं भेऊन कसं चालीन?"

मनगटावरची ती चापट मी महिनोन्‌महिने मनात धरून ठेवली होती.

आईनं ताटातला कारल्याचा देठाकडचा काप उचलला. थोडासा दातानं तोडला. चावून जरा थांबली. मग उरलेला माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "बराबर हाय. खाय."